हॉटेलच्या किचनमध्ये राहून दारू सोडता येते का? आणि आदिवासी जेवणाने त्यात खरंच मदत होते का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. नागली, म्हणजे नाचणी, खाऊन दारू सुटत नाही. सुटत असती तर आमच्या मोखाड्यात कुणी प्यायलंच नसतं. मी तिथल्या कोकणा आदिवासी घरातला, आता नाशिकला एका हॉटेलात शेफ आहे. माझी दारू सुटली ती डॉक्टर आणि मिटिंग यांच्यामुळे. तुम्ही रोज पीत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. हात थरथरतात, कुणाला फिट येते, जिवावरही बेततं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवायचं काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठी मिटिंगा बऱ्याच गावांत होतात, फी नसते.

किचनमध्ये टिकायचं कसं, हा वेगळा मुद्दा. खरी कसोटी सर्व्हिस संपल्यावर लागते. अंग तापलेलं, दिवसभर नुसतं चाखलेलं, पोटात अन्न नाही, आणि मागच्या दाराशी पोरं बाटली उघडतायत. जेवणाचा उपयोग मला इथे झाला. सर्व्हिसच्या आधी बसून नागलीची भाकर, उडदाची आमटी, असेल तर सुकट, असं पोटभर जेवतो. भरल्या पोटी तलफ येते, पण तिचा जोर कमी असतो. सॉसमध्ये वाइनही घालत नाही. उकळली की दारू सगळी उडून जाते असं सांगतात, ते खरं नाही, थोडीफार राहतेच.

शिवाय हात गुंतवणारं काम लागतं. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते तेव्हा ती मी स्वतः निवडतो. हाताला तेल लावायचं, वरचं आवरण सोडवायचं, आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा रवाळ भाग काढून टाकायचा. तो राहिला तर गिऱ्हाइकाचा घसा खाजलाच म्हणून समजा. मग काकडं ही रानफळं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा. एवढ्या कामात मन भरकटायला वाव राहत नाही. सोललेली शेवळं बाजारात मिळतात, मी घेत नाही.

आता अवघड भाग. ‘आदिवासी जेवण म्हणजे सात्त्विक’ असं शहरात हल्ली कौतुकाने बोलतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे देवाला दारूची धार पडते, लग्नात मोहाची असते. पण मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. पावसाळ्यात धान्य संपलं की वाळवलेली फुलं उकडून, भाजून खायची. इंग्रजांनी १८९२ मध्ये कायदा करून ठाणे-कुलाब्यात ही फुलं जवळ बाळगण्यावरच बंदी आणली. घरी गाळू नये, ठेक्याच्या दुकानातून प्यावी, म्हणजे महसूल सरकारकडे! खाणारेही त्यात भरडले.

दारू सोडायची हाकही आमच्यातूनच उठली होती. १९२२ मध्ये इथल्या आणि दक्षिण गुजरातच्या पाड्यांवर बायाबापड्यांच्या अंगात देवी यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, मांसमच्छी सोडा. ठेकेदारांचा धंदा बसला. पुढे बरेच जण मटणा-मासळीवर परत आले, काही दारूवरही. देवीचा दारूचा हुकूम मी पाळतो. खेकड्याचा पाळणं मला जमणार नाही.

त्यामुळे तुम्ही मेनूत मोह ठेवणार असाल तर एक सांगतो. ओली फुलं किचनमध्ये घेऊ नका. ती लगेच आंबायला लागतात आणि तो वास ओळखीचा असतो. मी कडक वाळलेली आणतो, तव्यावर कोरडी भाजून तीळ-गुळात लाडू वळतो. ऐन उन्हाळ्यात गावी जातो तेव्हा ओली फुलं वेचतो, तीही पहाटे, भावजय सोबत असेल तरच.