बदाम खाणारा बैल आणि त्याचं शेपूट

प्रश्न : डॉक्टर, आमच्या गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट भरतो. सासऱ्यांचा स्वतःचा गाडा आहे. नववीतली मुलगी यंदा म्हणते, "बैलांचा छळ बघायला मी येणार नाही." सासरे म्हणतात, "पोरांना मिळत नाहीत एवढे बदाम आणि दूध-अंडी बैल खातात, छळ कसला?" मी कुणाची बाजू घेऊ?
– एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : ताई, सासरे खोटं बोलत नाहीत. गोठ्यात बैलाला पंखा आणि मालक अंगणात बाजेवर, हे मी पाहिलंय. पण मुलगी गोठ्याबद्दल बोलतच नाहीये. ती घाटात गाडा पळतो त्या बारा-तेरा सेकंदांबद्दल बोलतेय.

बैल शांत असताना शेपटीवरून मुळापासून गोंड्यापर्यंत बोटं फिरवा. मणके जपमाळेसारखे ओळीनं लागले पाहिजेत. मध्येच गाठ लागली, शेपूट वाकडं वाटलं, तर ते बहुधा कधीतरी बैल पळवायला पिरगाळून मोडलंय. असं शेपूट माशीसुद्धा धड हाकलत नाही. मग पुठ्ठे चाचपा. पिराणीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, टोकदार आर लागलेली असेल तर केसांखाली खपल्या हाताला येतात. त्यावर बदामाचा इलाज नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०११ मध्ये केंद्रानं बैलाला वाघ-अस्वलांच्या यादीत घातलं, म्हणजे खेळ करायला मनाई. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती ग्राह्य धरली. तेव्हा शर्यत बेकायदा नाही. मात्र काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना नियमांत मनाई आहे. परवानगी काढणारे ते पान वाचतात की नाही, देव जाणे!

'शर्यत गेली की खिलार संपला', म्हणजे बैलांची ती जातच संपली, असंही सासरे म्हणतील. त्यात तथ्य आहे. नांगर ट्रॅक्टरकडे गेल्यापासून चांगल्या खोंडाला भाव येतो तो शर्यतीमुळेच. पण भाव यायला शेपूट मोडावं लागत नाही.

मी मुलीच्या बाजूचा. तिला बळेबळे नेऊ नका. सासऱ्यांना मात्र विचारा, यंदा नुसत्या आरोळीवर बारी (गाड्याची धाव) सोडाल का? हो म्हणाले, तर तिलाही विचारून बघा. आलीच, तर निशाणापाशी नको, गाडे जुंपतात तिथं उभी करा. कुणाचा हात कुठं जातो, ते तिथंच दिसतं.