किती मार्क पडले की ठेवून घेतात?

"ताई, मार्क वाढतच नाहीत. आमच्याकडे येऊन सात महिने झाले. शिकवणी लावली, शिवाय रोज संध्याकाळी मी स्वतः घेऊन बसते. तरी गणितात पन्नासपैकी नऊ. आमचं कुठे चुकतंय?"

फॉस्टर केअरमधली, म्हणजे आईवडील सांभाळू शकत नसल्याने काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहणारी मुलं सांभाळणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न हाच असतो, फक्त शब्द बदलतात. कुणी विचारतं, बुद्धीच कमी आहे का. कुणी इकडेतिकडे बघत म्हणतं, खालच्या वर्गात बसवलं तर?

ही मुलगी अकरा वर्षांची, सहावीतली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) तिची आई आहे, पण दीर्घ आजारामुळे मुलीला सांभाळायच्या स्थितीत नव्हती. आई सावरली की मुलीने परत घरी जायचं आणि तोवर या कुटुंबात राहायचं, असं ठरलं होतं. घरातल्या बाईंना ती मावशी म्हणायची, म्हणून मीही इथे त्यांना मावशीच म्हणते.

पहिल्याच भेटीत मी एक चूक केली, ती आधी सांगून टाकते. मावशींना म्हटलं, भिंतीवर एक तक्ता लावा. विषय, चाचण्या, मिळालेले गुण आणि प्रगती दिसली की एक चांदणी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना असा तक्ता आवडतो. इथे दहा दिवसांत तो फाटून कचऱ्याच्या डब्यात गेला आणि त्याच आठवड्यात सहामाहीचं प्रगतीपुस्तकही गायब झालं. दप्तरात नाही, कपाटात नाही. शेवटी ते तिच्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी सापडलं. ती बॅग तिने सात महिन्यांत कधी पूर्ण रिकामी केलीच नव्हती.

मावशी रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी नुसतं विचारलं, का गं लपवलंस? बराच वेळ गप्प राहून मुलीने उलट विचारलं, "किती मार्क पडले की ठेवून घेतात?"

मावशी माझ्यासमोर हे सांगताना रडल्या. म्हणाल्या, "मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, शून्य पडले तरी तू इथेच राहणार, कायमची." मला त्यांना थांबवावं लागलं. ते 'कायमची' त्यांच्या हातात नव्हतं. अशा मुलांना मोठ्यांनी दिलेल्या आणि मोडलेल्या शब्दांची यादी तोंडपाठ असते, तीत आणखी एकाची भर नको. मग आम्ही दोघींनी मिळून एक खरं वाक्य तयार केलं : "तू इथून कधी जायचं ते आईच्या तब्येतीवर ठरेल. मार्कांवर नाही." मावशींनी ते तिला एकदाच नव्हे, पुढच्या काही आठवड्यांत चार-पाचदा सांगितलं. काकांनाही सांगायला लावलं. तक्ता काही परत लावला नाही.

आता गणिताकडे.

मी मावशींना मुलीच्या जुन्या शाळांचं जे मिळेल ते गोळा करायला सांगितलं. प्रगतीपुस्तकं, दाखले, जुन्या वह्या, काहीही. मुलीचं काम बघणाऱ्या समाजसेविकेने बरीच धावपळ केली. हाती आलं ते अर्धवटच होतं, पण चित्र उभं राहिलं. पाच वर्षांत चार शाळा. त्यातले दोन बदल वर्षाच्या अधेमधे. तिसरीत असताना पहिलं सत्र संपता संपता तिची शाळा सुटली. त्या शाळेत भागाकार दुसऱ्या सत्रात शिकवायचे. नव्या शाळेत तो पहिल्या सत्रातच उरकला होता. म्हणजे भागाकार नावाची गोष्ट या मुलीला कुणी कधी शिकवलीच नव्हती. आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण दोन्ही शाळांच्या दफ्तरी तो धडा 'पूर्ण' होता. चौथीत त्यावर अपूर्णांक आले, पाचवीत दशांश, सहावीत शेकडेवारी. शिकवणीचे सर इमानेइतबारे सहावीचं पुस्तक शिकवत होते. पायाच नसलेल्या भिंतीला गिलावा चालला होता.

मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. या मुलांचे मार्क कमी दिसतात तेव्हा आपण बुद्धीकडे नाहीतर घराकडे बोट दाखवतो. शाळा बदलताना नेमकं काय निसटलं, हे बघणारं कुणीच नसतं, कारण प्रत्येक शाळेला आपल्यापुरतं वर्ष दिसतं आणि प्रत्येक घराला आपल्यापुरतं मूल.

आणखी एक गोष्ट त्या कागदांत दिसली. दुसऱ्या बदलाच्या वेळी, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून मुलगी तीन आठवड्यांवर घरी बसून होती. हे मला आजही चीड आणतं. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं पाचवं कलम सांगतं की दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. अमेरिकेत 2015 च्या शिक्षण कायद्याने फॉस्टर केअरमधल्या मुलाला कागदपत्रं हाती नसली तरी लगेच प्रवेश देणं बंधनकारक केलं. शक्य असेल तर मुलाने घर बदललं तरी आधीच्याच शाळेत राहावं, असंही त्यात आहे. तिथल्या राज्यांना या मुलांचे निकाल वेगळे मोजून जाहीर करावे लागतात. तोवर ती सगळ्यांच्या सरासरीत हरवून जात. इंग्लंडने 2014 मध्ये कायदा करून प्रत्येक स्थानिक प्रशासनात एक अधिकारी नेमायला लावला, ज्याला 'व्हर्च्युअल स्कूल हेड' म्हणतात. शाळा अशी नाहीच, फक्त मुख्याध्यापक! मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली असली, तरी ती जणू एकाच शाळेच्या पटावर आहेत असं समजून त्याने त्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं, आणि प्रत्येक मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना दर सत्रात तपासली जाईल हे पाहायचं. मला ही कल्पना मनापासून आवडते. आमच्या मुलीसाठी असं कुणी नव्हतं. म्हणून ते काम एका निळ्या वहीने करायचं ठरलं.

वहीचा नियम साधा होता. कुठल्या विषयाचा कुठला धडा खरोखर कळला, कुठला अर्धवट राहिला, किती दिवस शाळा बुडाली आणि का, हे मावशी आणि वर्गशिक्षिका आठवड्यातून एकदा दोन ओळींत लिहिणार. गुण लिहायचे, पण शेवटी, लहान अक्षरात. घर बदललं किंवा शाळा बदलली तरी वही मुलीबरोबर जाणार. वर्गशिक्षिका आधी कुरकुरल्या, पन्नास मुलं आहेत म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मी म्हटलं, दोनच ओळी. पुढे त्या पान-पान लिहायला लागल्या, तो भाग वेगळा.

महिन्याभरात वहीने पहिलं गुपित सांगितलं. मुलीची गैरहजेरी अशी-तशी विखुरलेली नव्हती. दर दुसऱ्या गुरुवारी पोटात दुखायचं, डोकं दुखायचं, नाहीतर उठायलाच उशीर. मावशींना आधी वाटलं नाटकं आहेत. मग दोघींनी तारखा लावून पाहिल्या : आईची भेट दर दुसऱ्या बुधवारी दुपारी ठेवलेली, तीही शाळेच्या वेळात. म्हणजे महिन्याचे दोन अर्धे दिवस भेटीत जात आणि दोन पूर्ण दिवस भेटीनंतरच्या पोटदुखीत. त्यातही बुधवारी दुपारी गणिताचा जोडतास.

एका नातेवाइकाने सल्ला दिला की भेटीच बंद करा, मुलीला त्रास होतो. मी याला ठाम विरोध केला. भेटीनंतर मुलं हलतात, कारण ती माणसं त्यांची असतात. भेट नको होती असा त्याचा अर्थ होत नाही. समाजसेविकेने भेट शनिवारी सकाळी हलवली, म्हणजे मधे रविवार मोकळा मिळाला. पुढच्या तीन महिन्यांत गुरुवार फक्त एकदा बुडाला, तोही खऱ्या तापाने.

शिकवणी आम्ही बंद केली. त्याऐवजी आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं, काकांबरोबर भागाकार. तिसरीच्या पुस्तकातून, पण त्याला वेगळं कव्हर घालून. अकरा वर्षांच्या मुलीला तिसरीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते, हे विसरून चालत नाही. झोपायच्या आधी दहा मिनिटं मावशी आणि ती एकाच पुस्तकातून मोठ्याने वाचायच्या, आधी दोघी मिळून, मग तिने खूण केली की ती एकटी. फॉस्टर घरांत असं जोडीने वाचन करून मुलांचं वाचन सुधारल्याचा अनुभव ठिकठिकाणी आहे. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की दहा मिनिटं एक मोठं माणूस मुलाच्या शेजारी बसलेलं असतं आणि काहीही विचारत नसतं.

शाळेत दोनच विनंत्या केल्या. तिच्या घरची गोष्ट वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिकांच्या पलीकडे जाऊ नये आणि वंशवृक्षाचा प्रकल्प किंवा 'माझे बाबा' असला निबंध द्यायचा असेल तर आधी कळवावं. अशा निबंधाच्या दिवशी कितीतरी मुलांना ताप येतो.

आणि मग दुसऱ्या चाचणीचे गुण आले. गणितात सात. नऊचे सात!

मावशी वही घेऊन तावातावाने आल्या. मी त्यांना धीर द्यायच्या ऐवजी वही उघडून वाचायला लावली. दोन अंकी भागाकार : जमतो. हजेरी : दोन दिवस सोडून सगळी. गृहपाठ : स्वतःहून काढून बसते. चाचणी होती शेकडेवारीवर. आम्ही तिसरीत होतो, परीक्षा सहावीची चालली होती. तळ भरत असताना गुण हलत नाहीत, कधी कधी खालीही जातात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं होतं की जी मुलं दीर्घकाळ स्थिरपणे अशा देखभालीत राहिली, त्यांचे निकाल थोडे दिवस राहिलेल्यांपेक्षा चांगले होते, आणि पौगंडावस्थेत घर-शाळा बदलत राहणं निकालाला सगळ्यात महाग पडत होतं. म्हणजे इथे मोजायचं तर वर्षांत मोजावं लागतं, चाचण्यांत नाही. मावशींना हे सगळं पटलं असं मला वाटत नाही. त्या म्हणाल्या, "बरं." पण शिकवणी परत लावली नाही.

त्या दिवशी वही चाळताना मला मागच्या पानावर वेगळं अक्षर दिसलं. मुलीला आम्ही वहीत लिहायला सांगितलं होतं, तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं होतं. आता ती मागून, वही उलटी धरून लिहायला लागली होती. पहिली नोंद : "आज सरांनी विचारलं ते मला येत होतं. हात वर केला नाही." तीन आठवड्यांनी : "हात केला. दुसऱ्यालाच विचारलं." त्यानंतर बऱ्याच नोंदी हातांच्याच होत्या. मी मावशींना म्हटलं, तुम्ही मार्क मोजताय, ती हात मोजतेय, तिचं मोजमाप जास्त बरोबर आहे.

वार्षिक परीक्षेत तिला गणितात पन्नासपैकी एकवीस पडले. प्रगतीपुस्तक तिने स्वतः आणून टेबलावर ठेवलं. बॅग मात्र तेव्हाही अर्धीच रिकामी होती.

सातवीचं पहिलं सत्र संपता संपता आई सावरली आणि मुलगी घरी परतली. पुन्हा अधेमधे, पुन्हा नवी शाळा. या वेळी दाखला दोन दिवसांत मिळाला आणि निळी वही दप्तरात होती. दोन आठवड्यांनी नव्या वर्गशिक्षिकेचा मावशींना फोन आला : वही वाचली, फार उपयोग झाला, समीकरणं अर्धवट आहेत ते कळलं, पण सत्राच्या शेवटच्या महिन्याचं काहीच लिहिलेलं नाही, ती पानं फाटली का?

"नाही हो," मावशी म्हणाल्या, "तो महिना तिनेच लिहिलाय. वही उलटी करा."