१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर भारतातलं प्रशासन खरंच बदललं का?

वर बदललं, खाली अर्धवटच. २४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकीच्यांची परवाना पद्धत मोडीत काढली. परवाने वाटणारं सरकार नियामक होऊ लागलं: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले, १९९७ मध्ये दूरसंचार क्षेत्रासाठी ट्राय हे नियामक प्राधिकरण आलं. पण तहसील कचेरीला जागतिक स्पर्धेची झळ बसलीच नाही, त्यामुळे तिथली फाइल टेबलावरच पडून राहायची. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा लोकसेवा हक्क कायदा यावा लागला. उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सामान्य माणसासाठी माझ्या मते हीच खरी सुधारणा. अर्ज देताना पोच मात्र मागून घ्याच.