बॅग भरण्याआधीचा फोन

प्रिय,

बँकॉक-पट्टायाचा ग्रुप पहिल्यांदाच तुझ्या हवाली होतोय. तू पाठवलेली यादी पाहिली. विमा, औषधं, जैन जेवण, सगळं आहे. वेप, म्हणजे ई-सिगारेट, तेवढं नाही.

माझ्या एका ग्रुपमध्ये एका काकूंच्या मुलाने टूथब्रशच्या पाऊचमध्ये पेन-ड्राइव्हएवढी वस्तू ठेवली होती. काकू म्हणाल्या, "आंब्याचा सेंट असेल कसलातरी." मला कळलं ते बँकॉकला उतरल्यावर. पुढचे पाच दिवस पोलीस दिसला की माझ्या पोटात गोळा.

थायलंडमध्ये ई-सिगारेटच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, विक्रीवरही आहे. नुसती जवळ सापडली तरी चोरटा माल बाळगल्याचा गुन्हा लागू शकतो. दंड आहेच, कैदेचीही तरतूद आहे. पण तुझ्या पाहुण्यांना दिसणार काय? रस्त्याकडेला दिवे लावून मांडलेले वेपचे ट्रे. शिवाय त्याच देशाने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली, पण हिरव्या पानाच्या पाट्या लोकांच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. गांजा चालतो तर आंब्याचा धूर का नाही, असं तुला कुणीतरी विचारणारच.

कोवळ्या पोरांच्या हाती हे पडू नये, हे मलाही पटतं. पण दुकानदाराला मोकळं सोडून गिऱ्हाइकाला धरणारी बंदी म्हणजे नाक्यावरच्या पोलिसाची वरकमाई. जानेवारी २०२३ मध्ये तैवानची एक अभिनेत्री बँकॉकच्या नाक्यावर वेपवरून अडकली आणि २७ हजार बात (थाई चलन) देऊन सुटली. पोलिसांनी आधी साफ नाकारलं, मग कबूल करावं लागलं. तिचा निदान बोभाटा झाला. आपल्या नाशिकच्या काकांचा कोण करणार?

म्हणून विमानतळावरच्या ब्रीफिंगची वाट पाहू नकोस, तोवर बॅगा चेक-इन झालेल्या असतात. आठवडाभर आधी घरोघरी फोन कर. तरुण मुलं असतील तर थेट त्यांच्याशीच बोल, आईवडिलांना स्पीकरवर घेऊ नकोस. खरं सांगणार नाहीत. "आपल्याकडे कोण विचारतं?" म्हणाले, तर २०१९ चा आपला कायदा सांग: विक्री, आयात, साठा सगळं बंद. ओढणाऱ्याला त्यात वेगळी शिक्षा नाही, म्हणून सवय लागते.

मालदीवचं विचारलं होतंस. तिथे २०२४ च्या नोव्हेंबरपासून आयात बंद, डिसेंबरपासून वापरही. पर्यटकांना सूट नाही. तोच फोन तिथेही.

तुझा,
काका