नो मॅन्स स्काय : ग्रह आधी वाचायचा, मग उतरायचं

परभणीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नो मॅन्स स्काय या ग्रह हिंडायच्या व्हिडिओ गेममध्ये बरेच ग्रह फिरून झाले, आता सगळे एकसारखे वाटतात. वादळात मरण येतं, उड्डाणाचं इंधन सारखं संपतं. एका ग्रहावर आठपैकी सात प्राणी सापडले, आठवा दिसतच नाही. वर लाईट गेली की केलेलं सगळं पाण्यात. एकेक करून सांगतो, पण मूळ एकच दिसतंय. तुम्ही ग्रह न बघता उतरताय आणि अर्धवट सोडून पुढं निघताय.

ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे साधारण १८ वर १८ शून्यं. पण त्यातल्या एका ग्रहावर हवामानाचा प्रकार मात्र एकच असतो. बर्फाळ ग्रह सगळीकडून बर्फाळ, विषारी ग्रह सगळीकडून विषारी. आपल्या पृथ्वीसारखा इथं विषुववृत्त वेगळा आणि ध्रुव वेगळा असला प्रकार नाही. त्यामुळं नवीन देखावा दिसेल म्हणून तास-तास एकाच दिशेनं उडत राहिलात तर कंटाळाच येणार. फरक शोधायचा तो उभा शोधा: गुहेत, पाण्याखाली, डोंगराच्या माथ्यावर, दिवसा आणि रात्री. ज्यांना हा खेळ वर्षानुवर्षं पुरतो ते लोक ग्रह कमी बघतात, पण बघितलेला ग्रह संपवून सोडतात.

बोअर घेण्याआधी पाणाड्या रान फिरून बघतो, तसं उतरण्याआधी ग्रहाकडं बघा. जहाजाचं तोंड ग्रहाकडं करून स्कॅन मारला की प्रकार आणि खनिजांची यादी येते. ती यादी नीट वाचा, हवामान त्यातच लिहिलेलं असतं. फॉस्फरस म्हणजे उष्ण ग्रह, डायॉक्साइट म्हणजे थंड, अमोनिया म्हणजे विषारी, युरेनियम म्हणजे किरणोत्सारी, पायराइट म्हणजे ओसाड, पॅराफिनियम म्हणजे हिरवागार. तांबं, कॅडमियम, एमेरिल किंवा इंडियम यांच्या नावाआधी ‘अॅक्टिव्हेटेड’ लागलेलं असेल तर तिथली वादळं टोकाची असतात, हे पक्कं धरून चाला. अशा ग्रहावर माल चांगला मिळतो, पण तयारीशिवाय पाय ठेवायचा नाही. उतरल्यावर पडद्यावर हवामान, सेंटिनल (ग्रहाची राखण करणारी यंत्रं), वनस्पती आणि प्राणी यांची एकेक ओळ येते. तीही न वाचता पुढं जाऊ नका. सेंटिनल आक्रमक असतील तर त्यांच्यासमोर खाणकाम टाळा आणि ग्रॅव्हिटिनो बॉलला (जमिनीवर सापडणारा किमती गोळा) हात लावू नका. तो उचलला की ते अंगावर येतातच.

आता इंधन. जमिनीवरून एकदा उडालं की लाँच थ्रस्टरच्या (जहाज जमिनीवरून उचलणारं इंजिन) इंधनाचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे भरलेल्या टाकीत चारच उड्डाणं. पण लँडिंग पॅडवर उतरून तिथूनच उडालात तर इंधन लागत नाही. ट्रेडिंग पोस्ट, पॅड असलेल्या छोट्या इमारती, स्पेस स्टेशन, सगळीकडं हेच. म्हणून तळ पॅडजवळ टाका आणि आजूबाजूचा टापू पायी फिरा. दर दोन मिनिटाला जहाज उचलून पुढच्या टेकडीवर ठेवायची सवय मोडली की निम्मी तक्रार संपेल. इंधन स्वतः करायचं तर एका नगासाठी ५० फेराइट डस्टची एक मेटल प्लेटिंग आणि ४० डाय-हायड्रोजनची एक जेली लागते. युरेनियम मिळालं तर तेच थेट भरता येतं, जेलीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

पायी फिरताना एक युक्ती अंगवळणी पाडून घ्या. पळता पळता ठोसा मारायचं बटण आणि लगेच जेटपॅकचं बटण दाबलं की माणूस झपकन पुढं फेकला जातो. चालण्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर कटतं. आणि कड्याला अंग लावून जेटपॅक वापरला तर त्याचं इंधन उतरत नाही, कितीही उंच कडा असला तरी एका दमात चढता येतो.

वादळाचं सविस्तर सांगतो, कारण मरण तिथंच येतंय. हॅझर्ड प्रोटेक्शन (सूटचं हवामानापासूनचं संरक्षण) सोडियमवर चालतं आणि लाइफ सपोर्ट (श्वास चालू ठेवणारी यंत्रणा) ऑक्सिजनवर. सोडियम पिवळ्या झाडांत, ऑक्सिजन लाल झाडांत. दोन्ही दिसले की वाकडी वाट करून घ्यायचे, गरज पडल्यावर शोधायचे नाहीत. २५० सोडियम आणि तेवढाच ऑक्सिजन अंगावर असल्याशिवाय वादळी ग्रहावर उतरू नका. सोडियम रिफायनरमध्ये (कच्च्या मालाचा दुसरा माल करणारं यंत्र) टाकून सोडियम नायट्रेट करून ठेवलं तर आणखी चांगलं. दोनाला एक मिळतो, पण जागा कमी अडते आणि भरतंही जास्त. थंडी, उष्णता, विष आणि किरणोत्सार यांच्यासाठी सूटचे वेगवेगळे मॉड्यूल (वरून बसवायचे सुधारणेचे भाग) येतात. ज्या ग्रहावर जास्त वेळ काढायचा त्याचं मॉड्यूल आधी घ्या, कारण वादळात आधी ते खर्ची पडतं आणि मूळ संरक्षण मागं शिल्लक राहतं.

वादळाची सूचना आल्यावर जहाज जवळ असेल तर जहाजात बसा, तिथं संरक्षण आपोआप भरतं. जहाज लांब असेल तर पळत सुटू नका. बहुतेक जण इथंच मरतात, कारण पळण्यात जीव आणि सोडियम दोन्ही जातात. टेरेन मॅनिप्युलेटर (जमीन खणायचं अवजार) काढा आणि समोरच्या उतारात तिरका बोगदा खणा. सरळ खाली खड्डा करायचा नाही. डोक्यावरचं तोंड उघडं राहिलं तर वादळ आत येतंच. तिरकं खणत दोन-तीन पुरुष आत गेलात आणि डोक्यावर मातीचं छप्पर आलं की वादळाचा आकडा खाली येताना दिसेल. दिसला नाही तर अजून थोडं आत खणा. खणताना पिशवीत सिलिकेट पावडर साठते, जागा हवी असेल तर टाकून द्या. टाकायची नसेल तर रिफायनरमध्ये तिची काच होते. गुहा सापडली तर खणायचंही काम नाही. गुहेत लोंबणाऱ्या खडकांतून कोबाल्ट मिळतं. १० कोबाल्ट आणि २० फेराइट डस्टची एक आयन बॅटरी होते आणि तीही हॅझर्ड प्रोटेक्शन भरते. म्हणजे जिथं आसरा घेतला तिथंच पुढच्या वादळाची तरतूद.

आता तो आठवा प्राणी. डिस्कव्हरीच्या पानावर जा आणि त्या ग्रहाची प्राण्यांची यादी उघडा. न सापडलेल्या प्राण्याच्या रिकाम्या चौकटीवरसुद्धा तो कुठं राहतो आणि कधी बाहेर पडतो हे लिहिलेलं असतं. जमिनीवर, हवेत, पाण्यात की भूगर्भात. दिवसा, रात्री की कायम. हे न बघता शोधणं म्हणजे उगं वणवण. रात्रीचा असेल तर एका जागी बसून अंधाराची वाट बघू नका. वर अवकाशात जा, ग्रहाची काळोखी बाजू दिसेल, तिथं उतरा. पाण्यातला असेल तर समुद्रच लागतो असं नाही, पुरुषभर खोल तळंही पुष्कळदा पुरतं. मात्र तळ्याच्या काठावर उभं राहून भागत नाही, बुडी मारून व्हायझर (प्राणी स्कॅन करायची दुर्बीण) लावावा लागतो. भूगर्भातला असेल तर गुहेच्या वर जमिनीवर उभं राहून व्हायझर खाली रोखा. न नोंदलेला प्राणी लाल ठिपक्यानं दिसतो, नोंदलेला हिरव्या. लाल ठिपका पायाखाली दिसला की तिथंच खणत उतरायचं. हवेतल्यासाठी डोंगरमाथा गाठा, थवा समोरून येऊ द्या आणि पूर्ण झूम करून बटण सोडू नका. सगळ्यात जास्त जण पक्ष्यांवरच अडकतात, कारण खालून वर बघत स्कॅन करताना पक्षी कक्षेबाहेर निघून जातो.

यादी पूर्ण झाली की त्याच पानावर बक्षीस घ्यायला विसरू नका, नॅनाइट्स (सुधारणा विकत घ्यायचं खेळातलं चलन) भरपूर मिळतात. ते सगळ्यात आधी मल्टी-टूलच्या (हातातलं खणायचं, स्कॅनचं आणि बंदुकीचं एकच अवजार) स्कॅनर मॉड्यूलवर घाला. स्पेस स्टेशनवरच्या मल्टी-टूल विक्रेत्याकडं मिळतात. एस, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची तीन बसली की एका प्राण्याचे पैसे हजारांतून लाखाच्या घरात जातात आणि पैशाची चिंता तिथंच मिटते. एका तंत्राची तीनच मॉड्यूल चालतात. चौथं बसवलं तर ओव्हरलोड दाखवतं आणि फायदा होण्याऐवजी नुकसान होतं. नवीन लोक बंदूक आधी सुधारतात. ग्रह हिंडायचे असतील तर स्कॅनर आधी, हे माझं ठाम मत.

लाईट आणि इंटरनेट. जहाजातून बाहेर पाय ठेवला की खेळ आपोआप सेव्ह होतो. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी जहाजात बसायचं आणि न उडता उतरायचं, याला इंधन लागत नाही. लांब पायी जाणार असाल तर सेव्ह बीकन (कुठंही ठेवून सेव्ह करायचं यंत्र) सोबत ठेवा. हा सेव्ह वेगळ्या जागी राहतो, त्यामुळं एक बिघडला तरी दुसरा हाताशी असतो. हॉटस्पॉटवर खेळत असाल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मल्टिप्लेयर बंद करून टाका. एकट्यानं खेळायला इंटरनेट लागत नाही, शोधांची नोंद नेट आल्यावर चढवता येते. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारी खोली तापलेली असते, त्यात लॅपटॉप ६० फ्रेमवर चालवू नका. फ्रेमची मर्यादा ३० वर आणा, सावल्या आणि ग्रहाचा दर्जा एक पायरी खाली घ्या. अडखळणं बहुतेक गरम होण्यामुळं असतं, खेळाचा दोष नसतो. मोठा अपडेट आला की पहिल्यांदा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) लोड व्हायला बराच वेळ जातो, अर्ध्यात बंद करू नका.

हे सगळं जमलं की दुसऱ्या रंगाच्या ताऱ्यांकडं वळा. पिवळ्याला काही लागत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी हायपरड्राइव्हला (एका ताऱ्याहून दुसऱ्याकडं नेणारं इंजिन) अनुक्रमे कॅडमियम, एमेरिल आणि इंडियम ड्राइव्ह जोडावा लागतो. तिथल्या धातूंमुळं क्रोमॅटिक मेटलचा (रिफायनरमध्ये या धातूंपासून होणारा धातू) हिशेबच बदलतो: २ तांब्याचा १ निघतो, १ कॅडमियमचा १, २ एमेरिलचे ३ आणि १ इंडियमचे २. एका वॉर्प सेलसाठी (हायपरड्राइव्हचं इंधन) २५ क्रोमॅटिक मेटल, २० कंडेन्स्ड कार्बन, ३० ऑक्सिजन आणि ५० फेराइट डस्ट लागतं. निळ्या ताऱ्याजवळ इंडियमची एक चांगली खाण लागली की पुढं कितीतरी दिवस सेलची ददात राहत नाही. जानेवारी २०२५ च्या अपडेटमध्ये जांभळे तारे आले. तिथले वायूचे महाकाय ग्रह आणि खोल समुद्र खरंच बघण्यासारखे आहेत, पण त्यासाठी लागणारा अटलांटिड ड्राइव्ह मुख्य कथेची कामं बरीच पुढं गेल्यावरच मिळतो. कथा बाजूला ठेवली असेल तर आता हाती घ्या.