‘मानसिक किमानवाद’ की मनाची आवराआवर?

प्रश्न असा आला आहे: मिनिमलिझमचं, म्हणजे नको ते कमी करून मोजकंच ठेवण्याचं, तत्त्व विचारांच्या सवयींना आणि व्यक्तिमत्त्व विकासाला लावून एक लेख लिहायचा आहे. त्याला ‘मानसिक किमानवाद’ म्हणावं, की ‘अपरिग्रह’ (गरजेपेक्षा जास्त साठा न करणं) हा जुना शब्द बरा?

‘किमानवाद’ चित्रकला-शिल्पकलेच्या चर्चेत चालून जाईल. 1960च्या दशकात अमेरिकेत कमीत कमी घटक वापरणाऱ्या कलेला हे नाव मिळालं तेव्हा तो खरोखरच एक ‘वाद’ होता, आणि तिथे ‘मिनिमलिझम’ असं देवनागरीत लिहिलं तरी कोणाचं अडत नाही. मनाच्या बाबतीत मात्र ‘किमान’ दगा देतो. किमान वेतन, किमान तापमान, ‘किमान फोन तरी करायचास’ ही उदाहरणं पाहा. ज्याच्या खाली जायचं नाही अशी पातळी हा शब्द दाखवतो. 1948च्या किमान वेतन कायद्यातही तोच अर्थ होता. त्यामुळे ‘किमान विचार’ वाचल्यावर ‘विचार म्हणायला पुरेल इतकाच’ असं काहीतरी मनात येतं. तुम्हाला तर निवडून ठेवलेले, कामाचे विचार म्हणायचे आहेत. त्या अर्थाला ‘मोजके’ जास्त जवळ जातो. मोजकी माणसं, मोजकं बोलणं. मोजण्यात लक्ष देणं आलंच. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चांगल्या वाणीचं वर्णन ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ’ असं येतं. तिथलं ‘मितले’ म्हणजे हेच मोजकेपण, आणि त्याला लागूनच ‘रसाळ’ आहे. मोजकं म्हणजे कोरडं नव्हे, ही खूण मला फार मोलाची वाटते.

‘अपरिग्रह’ अर्थाने अगदी नेमका आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच यमांमध्ये, म्हणजे संयमाच्या नियमांमध्ये, तो शेवटचा. जैन परंपरेत तो महाव्रत आहे, आणि तिथली विभागणी तुमच्या विषयाला थेट भिडते: बाह्य परिग्रह दहा प्रकारचा, तर आभ्यंतर परिग्रह चौदा प्रकारचा. क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ, भय, शोक हे सगळे या आतल्या साठ्यात मोजले आहेत. म्हणजे घर रिकामं केलं आणि राग जपून ठेवला, तर साठा बाळगलेलाच आहे. गांधीजींनी 1930 मध्ये येरवडा तुरुंगातून साबरमती आश्रमाला व्रतांविषयी पत्रं लिहिली. त्यांतही अपरिग्रह वस्तूंइतकाच विचारांनाही लागू होतो आणि निरुपयोगी ज्ञानाने डोकं भरणं हा त्याचा भंग आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा मनाला हे तत्त्व लावण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही.

तरीही रोजच्या सवयींसाठी मी हा शब्द सुचवणार नाही. अपरिग्रह हे व्रत आहे. ज्याने ते घेतलं त्याने पाळायचं, आयुष्यभर. सकाळी अंथरुणात व्हॉट्सअ‍ॅप न उघडण्याला अपरिग्रह म्हटलं, तर त्या व्रतावर अन्याय होतो आणि आपलं साधं वाक्यही उगाच जड होतं.

माझा कौल ‘आवरणे’ या क्रियापदाला. खोली आवर, राग आवर, रडू आवरेना, खर्च आवरता घे, मन आवरत नाही. वस्तू, भावना, खर्च आणि मन यांना एकच क्रियापद चालतं, आणि तेही ओढूनताणून आणलेली उपमा न वाटता. पसारा खोलीत असतो तसा डोक्यातही असतो, आणि दोन्ही आवरायचे असतात. शिवाय आवरणं म्हणजे सगळं टाकून देणं नाही. काही फेकायचं, काही जागेवर ठेवायचं, काही हाताशी ठेवायचं. जुन्या अपमानाची उजळणी थांबवायची, पण त्यातून शिकलेलं राहू द्यायचं, हा फरक ‘त्याग’ या शब्दात मावत नाही. नाम हवं असेल तर ‘आवराआवर’ आहेच, आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते हेही त्या शब्दातच आलं.

या विषयावर लिहिताना ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’ हमखास उद्धृत केलं जातं. तो अभंग समाधानाचा आहे. काय कमी करावं याबद्दल तो बोलत नाही, म्हणून इथे तो नको.

सवयींबद्दल लिहिताना क्रियापदं जपा. सवय लागते, जडते, अंगवळणी पडते; आणि मोडते किंवा सुटते. ‘नकारात्मक सवयींचे न्यूनीकरण’ असं कोणी बोलत नाही. मोडणं आणि सुटणं यांतही अंतर आहे: मोडायला आपला जोर लागतो, सुटते ती कधीकधी आपोआप. दुसऱ्यांच्या भानगडी डोक्यात घेण्याला ‘नसती उपाधी’ म्हणा. ‘व्याप’ मात्र जपून वापरा. रामदास ‘जितुका व्याप तितुके वैभव’ म्हणतात, तेव्हा व्याप नेहमी वाईटच असतो असं नाही.

राहिला ‘व्यक्तिमत्त्व विकास’. विकास म्हटलं की भर घालणं डोळ्यांपुढे येतं: आणखी एक कौशल्य, आणखी एक शिबिर. तुमच्या लेखाचा रोख उलटा आहे, म्हणून ‘घडणे’ वापरून पाहा. मूर्ती घडवताना दगड काढतच जातात, तरी आपण तिला घडवणंच म्हणतो.

‘मानसिक किमानवाद अवलंबल्याने निर्णयक्षमतेत वृद्धी होते’ हे तुमच्या मसुद्यातलं वाक्य मी असं लिहीन: ‘डोक्यातला पसारा आवरला की निर्णय घेणं सोपं जातं.’ शीर्षकात मिनिमलिझम हा शब्द हवाच असेल तर तो तसाच ठेवा, आणि आत पहिल्या परिच्छेदापासून आवरायला लागा.