वाचकांचे प्रश्न : बारावी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची उजळणी

बारावी विज्ञान शाखेच्या रसायनशास्त्रात शंभरांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ही परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होते. ती जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. त्यांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे जर्नल पूर्ण आहे, त्यावर सह्याही झाल्या आहेत. सगळे प्रयोग दोनदा वाचून काढले, तरीही सराव परीक्षेत ब्युरेटसमोर (द्रावण मोजून सोडण्याच्या उभ्या नळीसमोर) उभे राहिल्यावर पुढे काय करायचे ते सुचेना. कॉलेजात प्रयोग पुन्हा करायला मिळणार नाही. घरी बसून उजळणी कशी करावी? (विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : जर्नल वाचणे म्हणजे उजळणी, हा समज बहुतेक विद्यार्थ्यांचा असतो आणि अडचण तिथूनच सुरू होते. जर्नलमध्ये प्रयोग नीटनेटका होऊन बसलेला असतो. निरीक्षणे बरोबर आलेली असतात, तक्ता भरलेला असतो आणि कोठेही काही बिघडलेले नसते. परीक्षेच्या टेबलावर मात्र पुढची पायरी तुम्हालाच ठरवावी लागते. म्हणून प्रयोगाचा फक्त उद्देश वाचावा, जर्नल मिटावे आणि कोऱ्या कागदावर साहित्यापासून निष्कर्षापर्यंत सर्व कृती स्वतः लिहावी. प्रत्येक पायरीसमोर 'असे का' आणि 'असे न केल्यास काय होईल' या दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. जेथे पेन अडेल, तेवढाच भाग जर्नल उघडून पाहावा.

उदाहरणासाठी नेहमीचेच अनुमापन (एक द्रावण दुसऱ्यात मोजून घालत त्याची तीव्रता काढणे) घेऊ : ऑक्झॅलिक आम्लाच्या साहाय्याने पोटॅशिअम परमँगनेटची संहती, म्हणजे तीव्रता, काढणे. ब्युरेट पाण्याने धुतल्यावर परमँगनेटने आणि पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने विसळायचे, कारण आत राहिलेले पाणी द्रावण विरल करते. शंकुपात्र मात्र केवळ पाण्याने धुवायचे. ते ऑक्झॅलिक आम्लाने विसळले, तर पिपेटने मोजून घेतलेल्या १० मिलीपेक्षा जास्त आम्ल पात्रात जाते आणि ब्युरेटचे वाचन वाढते. पात्रात पाणी राहिले तरी बिघडत नाही, कारण त्यामुळे आम्लाच्या रेणूंची संख्या बदलत नाही. पिपेटच्या टोकाशी उरलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, कारण तो थेंब जमेस धरूनच पिपेटवरील खूण केलेली असते.

यानंतर विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे. येथे हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्यातील क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन मुक्त करते आणि परमँगनेट नाहक खर्च होते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडक असल्याने तेही बाद होते. सल्फ्युरिक आम्ल कमी पडले किंवा परमँगनेट घाईने ओतले, तर मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. तसे झाल्यास ते वाचन सोडून नव्याने सुरुवात करणे हाच उपाय आहे.

शंकुपात्र साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, पण उकळू द्यायचे नाही. एवढे तापवूनही पहिल्या काही थेंबांचा रंग जायला वेळ लागतो आणि पुढचे थेंब मात्र झटपट रंगहीन होतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयन त्याच अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात, म्हणून असे घडते. ही गोष्ट ठाऊक नसलेला विद्यार्थी पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग टिकलेला पाहून अंत्यबिंदू (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला असे समजतो. शेवटी साधारण अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा हा अंत्यबिंदू. परमँगनेट स्वतःच दर्शकाचे काम करत असल्याने वेगळा दर्शक लागत नाही. त्याच्या गडद रंगामुळे ब्युरेटमधील द्रवाची खालची कड दिसत नाही, म्हणून येथे वरची कड वाचतात.

याच प्रयोगात ऑक्झॅलिक आम्लाऐवजी मोहरचे मीठ (फेरस अमोनिअम सल्फेट) असेल, तर तापवायचे नाही, कारण उष्णतेने फेरस आयनांचे हवेतच ऑक्सिडीकरण होऊ लागते. मोहरच्या मिठाला ज्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे, त्या कार्ल फ्रीडरिख मोहर यांच्याच नावाने रबरी नळी आणि चिमटा असलेली ब्युरेटही ओळखली जाते. गंमत अशी की परमँगनेट रबराला खाते, त्यामुळे मोहरच्या मिठाच्या या अनुमापनात मोहरची ब्युरेट वापरता येत नाही आणि काचेच्या तोटीची ब्युरेट घ्यावी लागते.

प्रश्न : कृती जमते, पण आकडेमोडीत २ कोठे लिहायचे आणि ५ कोठे, यात दर वेळी गोंधळ होतो. (विद्यार्थी, सांगोला)

उत्तर : सूत्र पाठ करणे सोडावे आणि समीकरणापासून सुरुवात करावी. परमँगनेटच्या २ मोलांना ऑक्झॅलिक आम्लाचे ५ मोल लागतात. ऑक्झॅलिक आम्ल ०.०५ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.०५ मोल) असून त्याचे १० मिली घेतले, तर त्यात ०.०००५ मोल आहेत. त्यांना परमँगनेटचे दोन-पंचमांश, म्हणजे ०.०००२ मोल लागतील. ब्युरेटचे स्थिर वाचन ९.८ मिली आले असेल, तर ०.०००२ मोल ९.८ मिलीमध्ये आहेत, म्हणून संहती ०.०२०४ मोलर झाली. तिला रेणुवस्तुमान १५८ ने गुणल्यास लिटरमागे सुमारे ३.२२ ग्रॅम मिळतात. मोहरच्या मिठासाठी हेच प्रमाण १ मोल परमँगनेटला ५ मोल मीठ असे आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण स्वतः तयार करायचे असल्यास स्फटिकातील पाणी विसरू नये. रेणुवस्तुमान १२६ धरावे, ९० नव्हे. २५० मिली ०.०५ मोलर द्रावणासाठी १.५७५ ग्रॅम स्फटिक लागतात.

प्रश्न : सॉल्ट ॲनालिसिसचा (क्षारातील आयन ओळखण्याचा) तक्ता कितीही वेळा पाठ केला तरी गट एकमेकांत मिसळतात. काही युक्ती आहे का? (विद्यार्थी, चाळीसगाव)

उत्तर : युक्ती अशी नाही, पण त्या तक्त्यामागे एक सलग विचार आहे आणि तो कळला की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते. धन आयनांना क्रमाने बाहेर काढण्याची ही पद्धत कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये पाठ्यपुस्तकातून मांडली आणि शाळा-कॉलेजांत अजूनही मुख्यतः तीच वापरली जाते. प्रत्येक गटात असे अभिकर्मक घालायचे की त्याच गटाच्या आयनांचा अवक्षेप (न विरघळता खाली बसणारा साका) यावा आणि पुढच्या गटांचे आयन द्रावणातच राहावेत, एवढेच तिचे तत्त्व आहे.

दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाइड आम्लयुक्त द्रावणात सोडतात. आम्लामुळे सल्फाइड आयनांचे प्रमाण इतके घटते की तांबे आणि शिसे यांचेच सल्फाइड खाली बसते. जस्त, मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट यांना सल्फाइड आयन अधिक लागतात, म्हणून त्यांच्यासाठी चौथ्या गटात तोच वायू अमोनियायुक्त द्रावणात सोडतात. शिसे पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही गटांत का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पहिल्या गटात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने शिशाचे लेड क्लोराइड बनते, पण ते पाण्यात थोडेफार विरघळत असल्याने तेथे सगळे शिसे खाली बसत नाही, हे त्याचे उत्तर.

सर्वाधिक चुका तिसऱ्या गटात होतात. येथे अमोनिअम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनिअम क्लोराइड भरपूर घालावे लागते. त्यातील समान आयनामुळे हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण घटते आणि केवळ लोह व ॲल्युमिनिअम यांचे हायड्रॉक्साइड बाहेर येते. अमोनिअम क्लोराइड घालायचे राहिले, तर मॅग्नेशिअमचा पांढरा अवक्षेप तिसऱ्याच गटात येतो आणि विद्यार्थी बेधडक 'ॲल्युमिनिअम' लिहून मोकळा होतो. दुसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड सोडला असेल, तर तिसऱ्याकडे जाण्यापूर्वी द्रावण उकळून तो वायू पूर्ण घालवावा. तसे न केल्यास अमोनिया घालताच चौथ्या गटाची सल्फाइडे तेथेच खाली बसू लागतात. त्यानंतर संहत नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालून उकळतात, ते फेरसचे फेरिक करण्यासाठी.

हाच विचार पुढे नेल्यास आणखी दोन नियम पाठ न करताही लक्षात राहतात. अमोनिअम आयनाची परीक्षा नेहमी मूळ क्षारावर करायची, कारण गट करताना अमोनिअमची संयुगे आपणच घातलेली असतात. आणि क्षार हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्या द्रावणावर सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा करायची नाही, कारण मग प्रत्येक क्षारात क्लोराइड सापडेल.

सरावासाठी एखाद्या क्षाराचे नाव घ्यावे आणि प्रत्येक परीक्षेत काय दिसेल ते क्रमाने लिहून काढावे. झिंक सल्फेट घेतल्यास रंग पांढरा, पाण्यात विद्राव्य. विरल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाने विशेष वायू नाही. बेरिअम क्लोराइडने पांढरा अवक्षेप, जो संहत हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळत नाही, म्हणून सल्फेट. पहिले तीन गट नाहीत आणि चौथ्यात मळकट पांढरा अवक्षेप, म्हणून जस्त. मूळ द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घातल्यास पांढरा अवक्षेप येतो आणि जास्त घातल्यास तो विरघळतो. असे तर ॲल्युमिनिअमच्या बाबतीतही होते, मग फरक कसा कळणार? झिंक हायड्रॉक्साइड अमोनिअम हायड्रॉक्साइडच्या आधिक्यातही विरघळते, ॲल्युमिनिअमचे विरघळत नाही. रोज असा एक क्षार कागदावर सोडवावा. नंतर उलट बाजूने, मित्राने निरीक्षणे सांगावीत आणि तुम्ही क्षार ओळखावा. आमच्या मते या उलट सरावाचा फायदा अधिक होतो, कारण परीक्षेत तुमच्या हाती निरीक्षणेच असतात.

प्रश्न : माझ्या मुलाला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. प्रात्यक्षिकात त्याने काय करावे? (पालक, लातूर)

उत्तर : हे आपण आधीच विचारले हे बरे झाले, कारण ही गोष्ट लपवून परीक्षेला जाणारे विद्यार्थी असतात. विषयाच्या शिक्षकांना आताच सांगावे, म्हणजे त्यांना परीक्षकांच्या कानावर घालता येईल.

सुदैवाने बहुतेक ठिकाणी रंगाचे नाव न सांगताही काम भागते. परमँगनेटच्या अनुमापनात रंगहीन द्रावणात फिकट छटा आली का, एवढेच पाहायचे असते. पांढऱ्या फरशीवर शेजारी तेवढेच पाणी असलेले दुसरे शंकुपात्र ठेवले, तर हा फरक बहुधा लक्षात येतो. ज्योत परीक्षेत बेरिअमची सफरचंदी हिरवी ज्योत आणि स्ट्रॉन्शिअमची किरमिजी ज्योत वेगळ्या ओळखणे त्याला कठीण जाईल, म्हणून पाचव्या गटातील द्रावणाच्या परीक्षा त्याने पक्क्या कराव्यात. बेरिअमला पोटॅशिअम क्रोमेटने पिवळा अवक्षेप, स्ट्रॉन्शिअमला अमोनिअम सल्फेटने पांढरा आणि कॅल्शिअमला अमोनिअम ऑक्झॅलेटने पांढरा. या परीक्षा याच क्रमाने कराव्यात, कारण अमोनिअम सल्फेट बेरिअमलाही पांढरा अवक्षेप देते. सल्फर डायऑक्साइडने डायक्रोमेटचा नारिंगी कागद हिरवा होतो, तो बदल त्याला फसवू शकतो. त्याऐवजी आम्लयुक्त परमँगनेटचा थेंब रंगहीन होतो का, ते पाहावे.

प्रश्न : मुलीला सराव व्हावा म्हणून काही रसायने घरी आणून द्यावीत का? (पालक, डोंबिवली)

उत्तर : नाही. संहत आम्ले, परमँगनेट, शिशाचे किंवा बेरिअमचे क्षार घरात आणू नयेत. बाथरूम साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन सुटतो, म्हणून 'घरगुती वस्तूंनी प्रयोग' या नावाखालीही तसले काही करू नये. संगणकावर सराव करायचा असेल, तर अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक, मुंबई यांनी तयार केलेल्या 'ओलॅब्स'वर अनुमापनासारखे प्रयोग करून पाहता येतात. हाताला वळण लागत नाही, पण क्रम पक्का होतो.

एक प्रयोग मात्र घरी करण्यासारखा आहे. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी काढून घ्यावी. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून निघणारा वायू नळीने त्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. येथे थांबू नये. वायू पुढेही बराच वेळ सोडत राहिल्यास कॅल्शिअम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट बनून निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. कार्बोनेटच्या परीक्षेत बुडबुडे जोरात येऊनही निवळी दुधाळ दिसली नाही, असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींचा वायू मुळात जास्त वेळ सोडलेला असतो. निवळी डोळ्यांना लागणार नाही आणि नळीने तोंडात ओढली जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

प्रश्न : तोंडी परीक्षेत काय विचारतात? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : बहुधा तुम्ही नुकत्याच केलेल्या प्रयोगावरच, म्हणून वर सांगितलेले 'असे का' लिहिलेले कागद येथे उपयोगी पडतील. चुन्याची निवळी दुधाळ करणारे वायू दोन आहेत, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. त्यांतील फरक कसा ओळखाल, हा आवडता प्रश्न आहे. डायक्रोमेट कागद आणि जळत्या गंधकाचा वास हे उत्तर तयार ठेवावे. नायट्रेटच्या वलय परीक्षेसाठी फेरस सल्फेटचे द्रावण ताजे का हवे, हाही तसाच. ते हवेत राहिल्यास फेरिक होते आणि वलय येत नाही.

प्रश्न : क्षारातला एक आयन चुकीचा ओळखला तर सगळे गुण जातात का? (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : केवळ अंतिम उत्तरालाच गुण असतात असे समजू नये. कृती, निरीक्षणे आणि त्यांवरून काढलेली अनुमानेही परीक्षक पाहतात. गुणांची नेमकी विभागणी तुमच्या शिक्षकांकडून विचारून घ्यावी. जे दिसले तेच लिहावे. अपेक्षित निरीक्षण आले नाही, तर ते खोडून जर्नलमधले वाक्य लिहू नये. ती परीक्षा थोडे ताजे द्रावण घेऊन पुन्हा करावी आणि दोन्ही नोंदी राहू द्याव्यात.